जुने मोटारघर दुरुस्तीला आले तर : आधी कागद, मग छप्पर, सजावट सर्वांत शेवटी

घरच्या माणसांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघावे, वाटेत हॉटेल शोधत बसू नये, स्वयंपाक आपल्या हातचा असावा आणि रात्री अंथरूणही आपलेच असावे, अशी हौस आता आपल्याकडच्या लोकांनाही होऊ लागली आहे. या हौशीतून मोटारघराची मागणी निर्माण झाली. झोपण्याची, स्वयंपाकाची, बसण्याची आणि सामान ठेवण्याची कायमची सोय असलेली गाडी म्हणजे मोटारघर. सरकारी कागदात तिला मोटार कॅरव्हॅन म्हणतात.

परदेशात ही गोष्ट जुनी आहे. जर्मनीत फोक्सवॅगनच्या छोट्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून अशी सोय बसवून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीजवाले ट्रकमध्ये संसार भरून जत्रेमागून जत्रा करीत आले. परंतु तो पोटापाण्याचा प्रवास होता, हौसेचा नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच वर्षी केरळनेही केले, आणि या गाड्यांकडे व्यापारी नजरेने पाहणे सुरू झाले.

नवे मोटारघर सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्यात नसते. तो जुने, लहान आकाराचे मोटारघर घेतो आणि दुरुस्त करून वापरू पाहतो. इथे आपल्या मालेगावच्या कारागिरांचा संबंध येतो. या कामाला लागणारा प्रत्येक हुन्नर आपल्या गावात आहे. पत्राकाम करणारा, वेल्डर, सुतार, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा, ऑटो इलेक्ट्रिशियन, कुशनवाला आणि पडद्याचे कापड विणणारा लूमवालाही. मुंबई-आग्रा महामार्ग दाराशी आहे. मागाचा धंदा मंदीत गेला की घरातला दुसरा मुलगा गॅरेजची वाट धरतो, हेही आपण पाहतो. त्याच्या हाताला हे काम मिळू शकते. मात्र कामाचा क्रम चुकला तर गिऱ्हाईकही बुडते आणि कारागिराचे नावही. तो क्रम कसा असावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

एक अनुभव

आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याने सहा माणसांच्या कुटुंबासाठी बाहेरगावाहून एक जुने छोटे मोटारघर आणले. गाडी दोन-तीन वर्षे उभीच होती. आम्हीही त्या कामात सल्ला देणाऱ्यांपैकी होतो, म्हणून चुकीत आमचाही वाटा आहे. आतले फर्निचर जुनाट दिसत होते, म्हणून सर्वांनी आधी त्याकडे धाव घेतली. नवे प्लायवूड, त्यावर सनमायका, नवे पडदे, नवी गादी, रंगीत दिवे. रमजानपूर्वी गाडी तयार झाली आणि पाहणारा प्रत्येक जण वाहवा करून गेला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. छतावरच्या हवेच्या झडपेच्या कडेने पाणी उतरले, छताच्या आतल्या कापडामागून भिंतीत गेले आणि नव्या पलंगाखाली साचले. आठ दिवसांनी कुबट वास सुटला तेव्हा कळले. प्लायवूड फुगले होते, आणि ते उपटल्यावर खालच्या पत्र्यात बोट जाईल एवढे गंजाचे भोक निघाले. ते भोक नवे नव्हते, वर्षानुवर्षांचे होते. आपण त्यावर सनमायका लावला होता, इतकेच. छतावर चढलेला मिस्त्री म्हणाला, "शेठ, आपण घर सजवलं, छप्पर बघितलंच नाही."

सगळे काम पुन्हा करावे लागले आणि सुताराची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली. ज्याने प्रामाणिकपणे काम केले होते त्या सुताराचेच नाव बाजारात खराब झाले.

आधी कागद

गाडी हातात घेण्यापूर्वी आरसी पाहावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली : बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

याचा अर्थ, येणारी कामे चार प्रकारची आहेत आणि चारही एका मापाने मोजता येत नाहीत.

पहिला प्रकार, गाडी आरसीवर आधीच मोटार कॅरव्हॅन म्हणून नोंदलेली आहे. तिची दुरुस्ती, खराब भाग बदलणे, गादी, वायरिंग, पाण्याची टाकी नवी करणे हे कारागिराचे सरळ काम आहे. सांगाडा, सीटची संख्या, लांबी-उंची आणि इंजिन यांना हात लावू नये.

दुसरा प्रकार, साधी प्रवासी व्हॅन आणून 'हिचे मोटारघर करून द्या' म्हणणारा गिऱ्हाईक. हे काम गल्लीतल्या गॅरेजचे नाही. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानक आहे आणि त्याप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासणी व मंजुरी लागते. ज्या बॉडी बिल्डरकडे अशी मंजुरी आहे त्याच्याकडे आपल्या कारागिराने सुतारकाम किंवा कुशनचे काम ठेक्याने घ्यावे. त्यात पैसाही आहे आणि धोका नाही.

तिसरा प्रकार, सुटी पेटी. गाडीत काहीही वेल्डिंग न करता, सीट न काढता, सामानाच्या जागेत पट्ट्यांनी घट्ट बांधायची आणि घरी आल्यावर उतरवून ठेवायची. तिच्यात शेगडी, भांडी, पाण्याचा कॅन आणि उघडून पलंग होणारी फळी असते. लहान कारागिराला सुरुवात करायला हा प्रकार उत्तम.

चौथा प्रकार, रस्त्यावर धावणारच नाही अशी गाडी. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली. शेतावरची खोली, ढाब्यावरची बैठक किंवा फराळाचे दुकान असे काम यात येते.

आपल्या एमएच ४१ च्या कार्यालयात जाऊन शंका आधीच विचारून घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. पंधरा वर्षे भरत आलेल्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी ती तपासणीत टिकेल काय, हे पाहणे शहाणपणाचे. विमा कंपनीलाही गाडीचे खरे स्वरूप लेखी कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

छप्पर, गंज आणि चाके

कागद ठीक असले तर पुढची पायरी पाणी गळते काय हे पाहण्याची. गाडी थोड्या उतारावर उभी करावी, नळीने छतावर अर्धा तास पाणी सोडावे आणि आत टॉर्च घेऊन बसावे. पाणी खिडकीखाली दिसले म्हणून ते खिडकीतूनच आले असे समजू नये. ते बहुधा वरच्या जोडावरून, झडपेच्या कडेवरून किंवा कॅरिअरच्या बोल्टातून येते आणि भिंतीच्या आतून वाट काढते.

जुन्या सीलंटवर नवा थर देणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. जुना पूर्ण खरवडून, पत्रा स्वच्छ करून, गंजरोधक प्रायमर लावून मगच जोड भरावा. छताच्या जोडासाठी बाथरूमचे साधे सिलिकॉन वापरू नये. त्यावर रंग बसत नाही आणि गाडीच्या थरथरीने ते सुटते. पीयू सीलंट किंवा झडपेच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप टिकते.

मग फरशी उचलावी. चटईखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी आणि चेसिसचे आडवे पट्टे हातोडीने ठोकून पाहावेत. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा, लांबीने भरू नये. चेसिसच कुजली असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून काम सोडावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात आणि आसपासचे फोम, कापड पूर्ण काढून ठेवावे. पत्र्याआडच्या फोमला ठिणगीने लागलेली आग बाहेरून उशिरा दिसते.

उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. सहा-सात वर्षे झाली असतील आणि बाजूला बारीक भेगा असतील तर तो टायर घरच्या माणसांच्या खाली ठेवू नये. ब्रेकचे रबरी पाइप आणि ब्रेक ऑइलही याच वेळी बदलावे.

वजन

घराचे फर्निचर करणारा सुतार मोटारघरात घरासारखेच फर्निचर करतो, ही नेहमीची चूक आहे. आठ बाय चार फुटांचे १८ मिलीमीटरचे प्लायवूड साधारण ३० ते ३५ किलो भरते, १२ मिलीमीटरचे २० ते २४ किलो. लहान गाडीला आठ पाट लागले तर ऐंशी-नव्वद किलोंचा फरक पडतो, म्हणजे एक धिप्पाड माणूस कायमचा गाडीत बसवल्यासारखे. चौकट ॲल्युमिनियमच्या नळीची आणि पडदी ६ मिलीमीटरची केली तर वजन आणखी उतरते. खिडक्या करणाऱ्या आपल्या कारागिराला हे काम सहज जमते.

आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा दिलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी एकदा आणि संपल्यावर टाकी, सामान व माणसांसह एकदा, गाडी वजनकाट्यावर न्यावी. जमल्यास पुढची आणि मागची चाके वेगळी तोलावीत. जड वस्तू खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवाव्यात. छतावर जड कॅरिअर चढवले तर वळणावर गाडी झुलते.

वीज

इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी, हा पहिला नियम. नाहीतर रात्रभर पंखा चालला की सकाळी गाडी ढकलावी लागते. दोन्हींच्या मध्ये असे साधन बसवावे की इंजिन चालू असताना घराची बॅटरी भरेल, बंद असताना दोन्ही अलग राहतील.

हिशोब कागदावर करावा. पाच वॅटचे चार दिवे पाच तास : १०० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे आठ तास : ३२०. लहान कॉम्प्रेसरचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ४५०. मोबाईल आणि पाण्याचा पंप : ८०. बेरीज ९५०. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची बॅटरी १,८०० वॅट-तास साठवते, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. तिचे वजन पन्नास किलोंच्या वर, आणि भरताना तिच्यातून वायू निघतो म्हणून बाहेर उघडणारा कप्पा हवा. लिथियम फॉस्फेटची १०० अँपिअर-तासाची बॅटरी हजारएक वॅट-तास देते आणि वजन बारा किलोंच्या आसपास. किंमत जास्त आहे, पण लहान गाडीत वजनाचीही किंमत असतेच. छतावरचा २०० वॅटचा सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सहाशे-सातशे वॅट-तास देतो. बाकीचे इंजिन भरून काढते. एसी या हिशोबात बसत नाही. तो मुक्कामाच्या ठिकाणी वीज घेऊनच चालवावा.

घराच्या वायरमनने इथे एक गोष्ट नवी शिकली पाहिजे. १२० वॅटचे साधन घराच्या विजेवर अर्धा अँपिअर घेते, बारा व्होल्टवर दहा अँपिअर घेते. बॅटरीपासून पाच मीटरवर ते साधन असेल आणि वायर दीड चौरस मिलीमीटरची असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटरच्या वायरीत सव्वा व्होल्ट खर्च होतो. फ्रिज बंद पडतो आणि दोष फ्रिजवर जातो. तीच वायर सहा चौरस मिलीमीटरची असेल तर तोटा ०.३ व्होल्टवर येतो. एकतारी वायर थरथरीने तुटते, म्हणून बारीक तारांची लवचीक वायरच वापरावी. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची कडी घालावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा.

पाणी आणि गॅस

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे टाकी घेताना लक्षात असावे. साठ लिटरची टाकी लहान कुटुंबाला पुरे होते. भांडी, हात-तोंड आणि वुजूचे पाणी तिच्यातून घ्यावे, पिण्याचे वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. टाकी खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लास्टिकची असावी आणि आत हात घालून धुता येईल एवढे तोंड हवे. वापरलेल्या पाण्यासाठी खाली दुसरी टाकी हवी. मुक्कामाच्या जागी घाण पाणी सोडून जाणारा पाहुणा पुढच्या वर्षी कोणालाच नको असतो.

गॅसच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि मोटारघरात माणसे जमिनीलगतच झोपलेली असतात. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा, आणि त्याच्या तळाशी हवा जाण्याचे भोक असलेला करावा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर अशा गाडीत ठेवू नये. छोटा, पट्ट्याने आवळलेला असावा. गाडी चालताना आणि झोपताना त्याची चावी बंद असावी. शेगडी पेटवताना खिडकी उघडी हवी आणि दाराजवळ आग विझवण्याचे नळकांडे हवे. शेगडीजवळ पॉलिस्टरचा पडदा कधीही लावू नये.

उष्णता आणि आतले काम

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याची गाडी तेव्हा भट्टी होते. छताला आतून उष्णतारोधक थर द्यावा, पण काचेची लोकर नको. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. पाणी न पिणारा नायट्राइलसारखा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवावा. समोरासमोर दोन खिडक्या आणि छतावर झडप असली की रात्री हवा खेळते.

आता कुठे सजावटीची पाळी आली. गादीला निदान ३२ घनतेचा फोम घ्यावा, हलका फोम महिन्यात दबतो. खोळ चेन लावून काढता-धुता येईल अशी शिवावी. इथे आपल्या मागावरचे जाड सुती कापड शोभून दिसते. प्रवासात माणसे मूळच्या, पट्टा असलेल्या सीटवरच बसतील. पलंगावर बसून प्रवास करू देऊ नये.

चाचणी आणि व्यवहार

गाडी गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी पाणी, सामान आणि माणसांसह नाशिककडे न्यावी. चांदवडच्या अलीकडचा राहूड घाट ही उत्तम परीक्षा आहे. चढावर इंजिन तापते काय, उतारावर ब्रेक तापून वास येतो काय, कुठले दार आपोआप उघडते, कुठे खडखड होते, हे एका फेरीत कळते. एक रात्र गाडीत झोपून पाहावे. गिऱ्हाईक जे सहा महिन्यांनी सांगेल ते त्या रात्रीत समजते.

हिशोबाबद्दल थोडे. जुन्या गाडीचे अंदाजपत्रक एका आकड्यात कधी देऊ नये. तीन भाग करावेत : उघडून पाहण्याची मजुरी, पत्रा-गळती-यंत्राची दुरुस्ती, आणि आतले काम. पहिला भाग झाल्यावर फोटो दाखवून दुसऱ्याचा आकडा ठरवावा. दुसरा पूर्ण होऊन पाण्याची परीक्षा उतरल्याशिवाय तिसऱ्याची उचल घेऊ नये. काढलेले जुने भाग परत द्यावेत, पक्के बिल द्यावे आणि वायरिंगचा नकाशा कपाटाच्या दाराआड चिकटवावा. गळतीची एका पावसाळ्याची हमी लेखी द्यावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. कामावर सहा कारागीर असतील तर जबाबदार मिस्त्री मात्र एकच असावा, नाहीतर सुतार इलेक्ट्रिशियनकडे बोट दाखवतो आणि इलेक्ट्रिशियन सुताराकडे.

तुटपुंज्या साधनांवर सिनेमे काढणारे गाव म्हणून मालेगावचे नाव २००८ च्या एका माहितीपटाने देशोदेशी नेले. आहे त्यात भागवून घेण्याची ही कला आपली पुंजी आहे. परंतु पडद्यावर जुगाड चुकला तर लोक हसतात, आणि ज्या गाडीत कुणाची मुले झोपली आहेत तिथे चुकला तर हसायला कोणी उरत नाही. त्या व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्यांदा नीट क्रमाने झाली. पुढचा पावसाळा तिने कोरडा काढला, आणि हे दुसऱ्या वेळचे सुतारकामही त्याने त्याच सुताराला दिले होते. चूक कामात नव्हती, क्रमात होती, हे त्यालाही पटले होते. आपल्या कारागीर बांधवांनी ती पहिली चूक आमच्याकडून शिकावी, स्वतःच्या खर्चाने नव्हे, एवढीच अपेक्षा.